नांदेतलं फूल

मले पाण्याचं भेव वाटते, हे आधीच सांगून टाकते. पाण्याचं, सापाचं, वाघाचं, मोठ्या दवाखान्याचं, अन् कोणी जोरानं बोललं तर त्याचं बी. अशी बाई नाल्याच्या काठाकाठानं मोबाईल धरून फोटो काढत फिरली, हे मी माझ्या मायले फोनवर सांगतलं तर ती अजून बी खरं मानत नाई. माझं माहेर अहेरीकडचं, भर जंगलातलं, पण तिथी बी मी विहिरीवर गेली का दोर दुसरीले ओढाले लावत होती. माय म्हणते, फोटो काढले असशीन तर घरात बसून काढले असशीन.

घरात बसून नाई काढले. खरंच फिरली. आता ते सारं आठवलं का छातीत धडधड होते, अन् धडधडीच्या संग अजून एक काहीतरी होते, गरम गरम, डोळ्यात पाणी येते असं. त्याले काय म्हणाव मले समजत नाई, म्हून लिहून राह्यली. माझी शाळा नववीत सुटली, लिहाले बसली का एका वाक्यातच सारं येऊन पडते अन् मंग माझाच मले दम लागते, पण जसं आलं तसं लिहिते.

आमचं गाव सिंदेवाहीच्या अल्याड. वरून जंगलातून नाला येते, गावाच्या कडेनं वळते अन् खाली तलावात जाते. तलावाच्या पाण्यावर साऱ्या गावाचं धान. आमची बी बांधी, म्हंजे धानाचं वावर, हाये तिथी, साऱ्यात खाली, म्हंजे सगळ्याईचं धान पाणी पिऊन झालं का उरलं ते आमाले. यंदा पावसाळा लागला अन् जिथी नाला तलावाले भेटते तिथी पाण्यावर हिरवं हिरवं काहीतरी येऊन बसलं. पान गोल, चकचकीत, अन् देठ मधात फुगलेला, लहान वांग्यावानी. गावातले पोट्टे ते देठ पायाखाली फोडत, फट वाजे. आधी ते कोपऱ्यात होतं, मंग पाहता पाहता इतकं पसरलं का बगळे त्याच्यावर चालून राह्यले. पाणी सोडाच्या गेटात ते अडकलं अन् खालच्या बांध्याईत पाणी जाईना.

मंग गावात बोलणं सुरू झालं. तलावात मासोळी धरते ते ढिवर मोहल्ल्यातले लोक. त्याईनं मासोळीचं बीज बाहेरून आणलं होतं, डब्यात भरून, पाण्यासकट. शेतीवाले म्हणाले, त्याच पाण्यात ही घाण आली. मासोळीवाल्याईनं तलाव नासवला, आता पुढच्या वर्षी त्याईले तलाव ठेक्यानं द्याचाच नाई. हे बोलणं पानठेल्यावर झालं, चक्कीवर झालं, अन् एक दिवस ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बी झालं, तवा ते नुसतं बोलणं राह्यलं नाई.

त्याच दिवसात तालुक्याच्या कॉलेजातल्या मॅडम आल्या. त्या झाडाझुडपाच्या मॅडम. त्याईनं तलाव पाह्यला अन् बचत गटाच्या बायाईले पंचायतीच्या ओट्यावर बोलावून सांगतलं, हे झाड आपल्या देशातलं नाही, बाहेरून आलेलं हाये, हे पाण्यावर वाढते अन् पाणी झाकून टाकते, याची नोंद कराची हाये, कुठी कुठी हाये, किती हाये, कधी फुलते. त्यासाठी गावातलीच एक बाई पाहिजे, जिच्याजवळ फोटोचा फोन हाये अन् जी नाल्यानं फिरन. बाया एकमेकीकडे पाहून राह्यल्या. मी तर मान खालीच घातली, लेकरू मांडीवर होतं, त्याच्याच टोपीचे बंद बांधत बसली.

तवा माझी सासू उभी राह्यली. मी तिले आई म्हणते. आई म्हणाली, आमची जाईन. नववी शिकली हाये, फोन हाये, लेकरू मी सांभाळते.

मी तिच्या लुगड्याचा काठ ओढला. तिनं माझा हात झटकला, माशी झटकावी तसा.

हे तिनं काऊन केलं ते सांगाव लागन. माझी पोरगी झाली मागच्या साली, अन् ती होताना मी जवळजवळ गेलीच होती. अंगात रक्त नाई, पाय सुजलेले, अन् दम असा लागे का झोपता येईना, बसूनच राहाव लागे. गावातून सिंदेवाहीले नेलं, तिथून चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात. माझा नवरा तेलंगणात बांधकामावर, तो येईपर्यंत आईच एकटी होती. बरी होऊन घरी आली, पण भेव काही घरी येऊन गेलं नाई, ते माझ्यासंगच राह्यलं. साल झालं तरी मी अंगणाच्या पुढं एकटी जाईना. लेकरू रडलं तर मले वाटे काही झालं, नाई रडलं तरी वाटे काही झालं. आई दिवसभर पाहे अन् काही बोलत नव्हती. त्या दिवशी ओट्यावर बोलली, ते माझ्यासाठी बोलली. मले नंतर समजलं.

मॅडमनं शिकवलं ते सोपं होतं. झाड दिसलं का आधी दुरून एक फोटो, मंग जवळून एक, बाजूले काहीतरी ठेवाचं म्हंजे किती मोठं हाये ते समजन. मी माझी बांगडी ठेवत होती. मंग एक झाड उपटून त्याच्या मुळ्याईचा फोटो, काळ्या काळ्या झिपऱ्या असते त्याले. अन् फोनमध्ये बोलून ठेवाचं, आज कुठी आली, काय दिसलं. लिहाचं नाई, बोलाचं, हे ऐकून मले जीव आला. उपटलेलं झाड परत पाण्यात टाकाचं नाई, काठावर बी नाई, दूर नेऊन खडकावर वाळवाचं. अन् शेवटी मॅडम म्हणाल्या ते माझ्या डोक्यात बसलं.

"वर वर जात राहा. जिथं शेवटचं झाड दिसेल अन् त्याच्यावर एकही नसेल, तिथून हे आलं असं समज. ते मूळ सापडलं नाही तर खाली कितीही काढा, दरसाल पुन्हा येणार."

मंग मी निघाली. एकटी नाई. पहिल्या दिवशी मी नाल्याच्या वळणावर जाऊन उभी राह्यली अन् पुढं पाय उचलेना, पलीकडं गवत माणसाएवढं, त्यात काय बसलं असन कोणाले मालूम. तिथी ढिवर मोहल्ल्यातली मावशी जाळं धुऊन राह्यली होती. तिनं मले पाह्यलं, काही इचारलं नाई, जाळं झाडावर टाकलं अन् एक फुटकी ताटली अन् काठी घेऊन माझ्यापुढं चालाले लागली. ताटली वाजवत, मोठ्यानं बोलत. जंगलाकडच्या बाया अशाच चालते, आवाज करत, म्हंजे जे बसलं असन ते उठून जाईन. मंग रोजचंच झालं. मी निघाली का ती यायची. मले फोटोवाली बाई म्हणे.

तिच्या घरचं सारं त्या तलावावर. तिचा नवरा, दोन दीर, साऱ्याईची चूल मासोळीवर. तलाव गेला तर काय करतीन, हे मी तिले कधी इचारलं नाई अन् तिनं कधी सांगतलं नाई. फक्त एकदा त्या फुगलेल्या देठाले काठीनं ढकलून म्हणाली, "आमच्या मासोळीले म्हणे पानं फुटले." अन् आपणच हसली. मले हसू नाई आलं. मी मनात म्हटलं, मूळ भेटलं पाहिजे. मूळ दुसरीकडं भेटलं तर हिचा तलाव वाचन.

तलावापासून वर, थोडं थोडं करून, आमी दोघी नाला चढलो. कुठी पाण्याच्या डोहात दाटून बसलेलं, कुठी बेशरमाच्या झाडात अडकलेलं एकटं एकटं. पाण्यात उतराची येळ आली का मी काठावर, मावशी आत. तिनं उपटाव अन् मी फोटो काढावा. ती म्हणे, तुझ्या मॅडमले सांग, अर्धा पगार मावशीले द्या. पगार कायचा, मॅडम येताना लेकरासाठी बिस्किटं आणत, तेच.

घरी आणलेलं झाड दाबून वाळवाव लागे. कागदात ठेवून, वरून वजन. हे झाड इतकं पाण्याचं का पहिलं तर सडूनच गेलं, काळं झालं, वास सुटला. मंग मॅडमनं फोनवर सांगतलं, देठ उभा चिरा, कागद रोज बदला. आमच्या घरी वजन म्हंजे तांदळाचं पोतं. आई विळ्यावर बसे, भाजी चिरल्यावानी देठ चिरून दे, आतलं पांढरं पांढरं स्पंजावानी पाहून नाक मुरडे. पोरगी तिच्या पाठीवर लोंबकळे. आई म्हणे, काय वं हे, गाभण म्हशीवानी पोट. मी चिरलेलं झाड कागदावर पसरत होती, पानाची एक बाजू वर, एक खाली, अन् आई वरून पोतं ठेवे. जुने पेपर संपले तर शेजाऱ्याईकडून मागून आणे. माझ्यापेक्षा तिलेच जास्त हौस होती.

आता नांदेचं सांगते. आमच्या अंगणात जांबाच्या झाडाखाली सिमेंटाची नांद हाये, बैलाईची. ट्रॅक्टर आला तशे बैल गेले, नांद रिकामी झाली. माझी पोरगी झाली त्या साली आईनं चंद्रपूरहून येताना प्लास्टिकच्या पन्नीत घालून एक रोप आणलं अन् त्या नांदेत सोडलं. आई त्याले कमळ म्हणे. उंच उंच झालं, माझ्या कमरेएवढं, देठ बारीक अन् लांब, पानं वर उभी, नांद गच्च भरून गेली. फूल आलं का आई सकाळीच तोडे अन् विहारात बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवे. जांभळ्या फुलाचा घोस, तो दुपारपर्यंत टिके, मंग मिटे. मोहल्ल्यातल्या बाया म्हणत, बाईच्या कमळासारखं कोणाजवळ नाई. मी रोज त्या नांदेजवळ लेकराचे कपडे धुतले. रोज. अन् मले काही दिसलं नाई. नाल्यातलं ते बुटकं, फुगलेलं, पाण्यावर पसरलेलं, अन् हे उंच, सडसडीत. कोण म्हणन दोन्ही एक हाये.

धान लोंबीवर यायच्या बेतात होतं, पाऊस उघडला होता, तवा आमी नाला चढत चढत आमच्याच मोहल्ल्याच्या मागं पोचलो. तिथी मोहल्ल्याची नाली नाल्यात पडते, सांडपाण्याची. नाली पडते तिथी एक खड्डा हाये अन् त्या खड्ड्यात ते झाड होतं. त्याच्यावर आमी गेलो, दुसऱ्या वळणापर्यंत गेलो, तिसऱ्यापर्यंत गेलो. नुसतं स्वच्छ पाणी अन् वाळू. परत आलो. मावशीनं ताटली वाजवणं बंद केलं.

"तलावातलं बीज इथपर्यंत कसं येईन वं?" ती म्हणाली. "हे झाड का उलटं पोहते?"

मले इतकी खुशी झाली का मी तिचा हातच धरला. सुटली म्हटलं मावशी, तुमी सुटल्या. फोटो हाये, फोनमधलं बोलणं हाये, आता कोणी तलाव नाई घेऊ शकत. तिनं बी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओला, मासोळीचा वास येणारा. अन् तेवढ्यात मले त्या खड्ड्यात फूल दिसलं. पूर्ण नाल्यात पहिलंच फूल. मॅडमनं सांगून ठेवलं होतं, फूल भेटलं तर सोडू नको. मी वाकून पाह्यलं. फिकट जांभळं. वरच्या पाकळीवर मोराच्या पिसावानी डोळा, मधात पिवळा, भोवती निळा.

तो डोळा मी साल भर पाह्यला होता. विहारात, मूर्तीपुढं.

नाली मी डोळ्यानंच मागं मागं नेली, शेजाऱ्याच्या भिंतीखालून, आमच्या न्हाणीच्या मागून, जांबाच्या झाडाखालून. नांद दाटली का आई हातानं उपटून जास्तीचं नालीत फेके. मी फेकताना पाह्यलं होतं. पावसात नाली धोधो वाहे.

मावशीनं इचारलं, साप दिसला का वं. मी म्हटलं नाई, दम लागला. फूल तोडलं, पदरात घेतलं अन् घराकडं निघाली. मावशी मागून ओरडून राह्यली, हळू चाल, पडशीन, अन् मी ऐकून बी थांबली नाई.

त्या एवढ्याशा वाटेत मी किती इचार केला असन. सांगतलं तर सारं गाव माझ्या आईले बोलन. तलाव मासोळीवाल्याईनं नाई, विहारातल्या बाईनं नासवला म्हणतीन, अन् मंग बोलणं तिच्यावरच थांबणार नाई, पूर्ण मोहल्ल्यावर येईन, ते कसं येते आमाले मालूम हाये. जिनं मले दवाखान्यातून आणलं, लेकरू सांभाळून मले घराबाहेर उभं केलं, तिच्यावर मीच हे आणू? अन् नाई सांगतलं तर? मोहल्ल्याच्या नालीतून आलं एवढंच सांगाव, कोणाच्या घरून ते नाई सांगाव? मंग नांद तशीच राहीन, अन् मॅडम म्हणाल्या तसं दरसाल पुन्हा येईन, अन् पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मावशीच्याच घरावर येईन. चालता चालता मी रडून राह्यली होती, ते मले दाराशी पोचल्यावर समजलं.

आई दारातच होती, पोरगी कडेवर. तिनं माझं तोंड नाई पाह्यलं, पदरातलं फूल पाह्यलं अन् आवाज चढवला.

"पौर्णिमेसाठी ठेवलेलं फूल काऊन तोडलं वं? तुले दुसरं काही भेटलं नाई का फोटोले?"

तिले वाटलं मी नांदेतलं तोडलं. ती तशीच नांदेकडं गेली, पाहाले, अन् तिचं पौर्णिमेचं फूल तिथी देठावर जसंच्या तसं होतं. ती त्याच्याकडं पाहे, माझ्या पदराकडं पाहे.

"हे कुठलं?"

"नाल्यातलं, आई."

पोरगी फुलासाठी हात पुढं करून राह्यली होती. आईनं तिले माझ्याजवळ दिलं. मंग तिनं नांदेत हात घातला अन् एक झाड मुळासकट बाहेर ओढलं. काल मी आणलेलं नाल्यातलं झाड न्हाणीजवळ पडलं होतं, ते बी आणलं. दोन्ही अंगणात आजूबाजूले ठेवले अन् खाली बसली. मुळ्या पाह्यल्या, त्याच काळ्या झिपऱ्या. पान हातानं चोळलं. फुगलेला देठ दाबला, बारीक देठ दाबला, दोन्ही चिरून पाह्यले, आत तेच पांढरं.

"पऱ्हे दाट झाले का असेच होते," ती म्हणाली. धानाचे पऱ्हे म्हणून राह्यली होती, लावणीच्या आधीचे. "जागा नाई भेटली का उंच जाते, बारीक होते. मोकळं लावलं का मंग लठ्ठ होते. आयुष्य गेलं बाई माझं पऱ्हे उपटण्यात, अन् हे नाई समजलं."

मी म्हटलं आई, मी हा फोटो नाई पाठवत. नांद आपण दोघीच मिळून रिकामी करू, कोणाले काही समजत नाई, मॅडमले सांगते नालीपर्यंत भेटलं. तिनं इचारलं काऊन नाई पाठवत. मी म्हटलं लोक तुमाले बोलतीन.

"अन् मंग ढिवराईलेच बोलू देशीन? जी रोज तुझ्यापुढं ताटली वाजवते तिले?"



मंग तिनं मले ते सांगतलं, जे साल भर सांगतलं नव्हतं. चंद्रपूरच्या दवाखान्यात मले आत नेलं अन् डॉक्टरनं तिच्याकडून कागदावर अंगठा घेतला, म्हणाले काही सांगता येत नाई, दोघांपैकी कोणाचंच. तिले आत बसवेना. ती बाहेर निघाली अन् चालत चालत तलावाच्या काठावर जाऊन बसली. पूर्ण तलाव त्या पानाईनं भरलेला अन् वर हे जांभळे फुलं, जिकडं पाहाव तिकडं. तिले वाटलं, जगात एवढं चांगलं काही असन तर हे दोघं जीव बी वाचतीन.

"नवस नाई केला मी," ती म्हणाली. "आपल्यात नवस नाई. फक्त म्हटलं, दोघं घरी आले तर रोज एक फूल वाहीन. तुमी आल्या. म्हून आणलं."

मी खालीच बसली. म्हंजे ते झाड माझ्यासाठी आलं होतं. तलावात जे पसरलं, मावशीच्या घरावर जे आलं, खालच्या बांधीत जे पाणी गेलं नाई, त्याची सुरुवात मी वाचली म्हून झाली होती. हे कोणावर टाकाव? मले राग येईना, मले भेव बी वाटेना. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, लेकरू मधात चेंगरून ओरडाले लागलं, अन् ती म्हणाली, बस कर, पोरीले दाबशीन.

तो वर्षावास होता. संध्याकाळी विहारात मोहल्ला जमते, वंदना होते, धम्माचं वाचन होते, पावसाळा संपेपर्यंत. त्या संध्याकाळी आईनं ढिवर मोहल्ल्यात अन् शेतीवाल्याईच्या मोहल्ल्यात निरोप पाठवला, विहाराच्या पटांगणात या म्हून. मी तिले म्हटलं, तुमी बसा, मी सांगते, फोटो माझ्याजवळ हाये. तिनं मले गप केलं. वंदना झाली अन् ती उठली, पांढऱ्या लुगड्यात, हातात दोन्ही झाडं. तिनं जास्त काही नाई सांगतलं. हे बारीक माझ्या नांदेतलं, हे लठ्ठ नाल्यातलं, तलावात बी हेच, दोन्ही एकच हाये. मी चंद्रपूरहून आणलं, मी नालीत फेकलं. मासोळीच्या बीजानं काही नाई आणलं. माझ्या सुनेनं तलावापासून नालीपर्यंत सारे फोटो काढले हाये, ज्याले पाहाचे त्यानं पाहा.

मंग मागून एका शेतीवाल्या बाबानं आवाज दिला, "बाई, तुमी कमळ लावलं का जंगल लावलं?" अन् लोक हसले. मले वाटलं झालं, सुरू झालं आता.

"हसा," आई म्हणाली. "पण सकाळी हसत हसत नाल्यात उतरा. माझ्या एकटीनं निघणार नाई ते."

तो बाबाच सकाळी साऱ्याईच्या आधी आला, दोर घेऊन.

मावशीकडचे लोक जुनी जाळी घेऊन आले. जाळं पाण्यात फिरवून ते झाडं एकाजागी आणत, काठावरून शेतीवाले दोर ओढत, बाया टोपल्यानं वाहून खडकावर टाकत. तलावाच्या गोष्टीचं कोणी कोणाले काही म्हटलं नाई, चुकलं बी नाई म्हटलं, पण त्या बाबाच्या घरून चहा आला तो आधी मासोळीवाल्याईले गेला, अन् पुढच्या वर्षी तलाव नाई देऊ हे बोलणं त्यानंतर मी कुठी ऐकलं नाई. मावशी मले काठावरून हाका मारून राह्यली होती, फोटोवाली बाई, फोटो काढून पोट भरते का, ये आत. मी लेकरू आईजवळ दिलं अन् उतरली. गुडघ्यापर्यंत. भेव काही गेलं नव्हतं, ते बी माझ्यासंग पाण्यात उतरलं. पण मावशीनं एक हात धरला होता.

सारं निघालं असं नाई. मॅडम म्हणाल्या याचं बियाणं चिखलात राहते, लय साल राहते, म्हून फिरणं सोडाचं नाई. मंग त्याईनं इचारलं मूळ भेटलं का. मी म्हटलं भेटलं, त्याचा फोटो शेवटी पाठवते. नांद आईनं आपल्या हातानं रिकामी केली, एक मुळी ठेवली नाई, सारं उन्हात पसरलं, मंग चुना लावला. मी फोन घेऊन उभी राह्यली तर ती पोरीले कडेवर घेऊन नांदेजवळ येऊन थांबली, डोक्यावर पदर घेऊन. मी म्हटलं आई, मॅडमले फक्त नांद पाहिजे.

"मूळ दाखवाचं हाये नं," ती म्हणाली. "मंग आमी दोघी बी आलो पाहिजे. अन् तू बी ये."

माझा हात एवढा लांब नाई, तरी मी कसाबसा फोन उलटा धरला. फोटोत माझं अर्धंच तोंड आलं, पोरगी आईच्या कानातलं ओढून राह्यली होती, अन् मागं नांद, पांढरी, रिकामी. तोच पाठवला. मॅडमनं फोन केला अन् आईशी बोलते म्हणाल्या, अन् त्या काय बोलल्या ते आईनं मले अजून सांगतलं नाई.

आता नांदेत स्वच्छ पाणी असते अन् दुपारी त्यात पोरगी डुंबते. तिले पाण्याचं भेव नाई, माझ्यावर नाई गेली. मी अजून बी आठवड्यातून एकदा नाल्यानं फिरते, मावशी पुढं, ताटली वाजवत. कुठी एखादं रोप दिसलं तर बांगडी ठेवून फोटो काढते अन् उपटून खडकावर टाकते. नवरा दिवाळीले आला तवा त्याले बी नेलं, तोच माझ्या मागं मागं चालत होता. घरी आली का आई आतूनच इचारते, भेटलं का. बहुतेक दिवशी मी नाई म्हणते. मंग ती उठते, अंगणातलं झेंडूचं एक फूल तोडते अन् विहारात जाते.